डायनॅमो काढून अल्टरनेटर: जुन्या ट्रॅक्टरच्या वायरिंगचा हिशेब

जुन्या ट्रॅक्टरच्या मीटरबोर्डामागे किंवा बॅटरीशेजारी एक काळी डबी स्क्रूने बसवलेली असते. मेकॅनिक तिला कटआऊट म्हणतात. झाकण उघडलं की आत तांब्याच्या तारेच्या दोन किंवा तीन गुंडाळ्या दिसतात. प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंगने धरलेली लोखंडी पट्टी आणि बारीक पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारा संपर्क. इंजिन चालू असताना कान जवळ नेला तर डबी गुणगुणत असते. डायनॅमो आणि अल्टरनेटर ही दोन्ही इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारी यंत्रं, पहिलं जुन्या मांडणीचं, दुसरं नव्या. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवणारे बहुतेक जण ब्रॅकेट कुठे वेल्ड करायचा, पट्टा कोणत्या मापाचा घ्यायचा याचाच विचार करतात. ते जमून जातं. घोळ होतो तो या डबीपाशी. तिच्यातून निघणाऱ्या चार-सहा वायरींपैकी कोणती ठेवायची, कोणती काढायची आणि कोणती दुसऱ्या कामाला लावायची, हे कळलं नाही तर नवाकोरा अल्टरनेटर पहिल्याच मिनिटाला जळू शकतो.

म्हणून आधी डबी समजून घेऊ. जोडणी त्यातूनच सुचत जाते.

डबीची तीन कामं

पहिलं काम दारवानाचं. डायनॅमो फिरवला तर वीज देतो, आणि त्याला वीज दिली तर मोटरीसारखा फिरायला बघतो. इंजिन मंद झालं किंवा बंद झालं की बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत घुसणार. ती अडवायला कटआऊटचा पॉइंट असतो. १२ व्होल्टच्या यंत्रणेत डायनॅमोचा दाब साधारण १३ व्होल्टपर्यंत चढला की तो मिटतो, आणि करंट उलटा फिरला की उघडतो. हा पॉइंट चिकटून बसला तर रात्रीत बॅटरी उतरते, वायरीही जळतात.

दुसरं काम व्होल्टेज आवरण्याचं. डायनॅमो जितका जोरात फिरेल तितकं व्होल्टेज वाढतं, आणि शेतात इंजिनाचा वेग सतत वरखाली होत असतो. डबीतली दुसरी गुंडाळी दाब वाढला की पॉइंट उघडते आणि डायनॅमोच्या फील्ड कॉइलचा (आतलं चुंबक तयार करणाऱ्या वेटोळ्याचा) करंट एका रेझिस्टन्समधून वळवते. चुंबक कमजोर पडतं, दाब उतरतो, पॉइंट पुन्हा मिटतो. हे सेकंदाला कित्येकदा चालतं. मघाशी ऐकू आलेली गुणगुण ती हीच.

तिसरं काम करंटवर लगाम ठेवण्याचं. डायनॅमोला स्वतःची मर्यादा कळत नाही. बॅटरी पार उतरलेली असली तर तो देतच सुटतो, आर्मेचर, म्हणजे आतला वेटोळ्यांचा फिरता भाग, तापतं, कम्युटेटरवरचं (त्याच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावरचं) सोल्डर वितळून आतल्या भिंतींवर उडतं. जळालेला डायनॅमो उघडला की आतून चंदेरी शिंतोडे दिसतात ते त्याचेच. म्हणून तीन गुंडाळ्यांच्या डबीत करंट मोजणारी एक गुंडाळी वेगळी असते. दोन गुंडाळ्यांच्या डबीत तेच काम व्होल्टेजच्या गुंडाळीवर जाड तारेचे काही वेढे देऊन भागवलेलं असतं.

आता अल्टरनेटरमध्ये ही कामं कुठे गेली ते पाहू.

डायनॅमोत चुंबक स्थिर असतं आणि वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होते. सगळा करंट कम्युटेटरच्या फटींवरून कार्बनने, म्हणजे घासत राहणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांनी, ओढून काढावा लागतो. अल्टरनेटरने ही मांडणी उलटी केली. चुंबक फिरतं आणि वीज बाहेरच्या स्थिर वेटोळ्यात, म्हणजे स्टेटरमध्ये, तयार होते. फिरत्या रोटरला चुंबक बनवायला तीन-चार अँपिअर पुरतात आणि ते दोन गुळगुळीत कड्यांवरून आत जातात. त्यामुळे कार्बन वर्षानुवर्षं टिकतात आणि रोटर डायनॅमोपेक्षा कितीतरी जोरात फिरवता येतो. म्हणून त्याची पुली लहान ठेवतात, आणि म्हणूनच इंजिन आयडलिंगला असतानाही तो चार्ज करतो.

स्टेटरमधून निघते ती मात्र एसी वीज, तीही तीन फेजची. बॅटरीला डीसी लागते. मागच्या झाकणाखालचे सहा डायोड तिला एकाच दिशेने वळवतात. डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारं दार, त्यामुळे बॅटरीची वीज उलटी येण्याचा प्रश्नच उरत नाही. दारवानाचं काम तिथे मिटलं. व्होल्टेज आवरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर अल्टरनेटरच्या पाठीवरच बसलेला असतो. आणि करंटचा लगाम? मला या यंत्रातली सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट ती हीच. वेग वाढला की स्टेटरमधलं व्होल्टेज वाढतं, पण एसीची फ्रीक्वेन्सीही त्याच प्रमाणात वाढते, आणि फ्रीक्वेन्सी वाढली की वेटोळं स्वतःच करंटला तितकाच जास्त विरोध करतं. दोन्ही बरोबरीने चढतात, त्यामुळे करंट एका पातळीपुढे जातच नाही. ३६ अँपिअरचा अल्टरनेटर कितीही पळवा, ३६ च्या आसपासच थांबेल. वेगळा करंट रेग्युलेटर लावायची गरजच नाही.

मांडणी इतकी सरस असूनही ती उशिरा आली, कारण पुरेसे छोटे आणि तापमान सोसणारे सिलिकॉन डायोड स्वस्तात मिळत नव्हते. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर सरसकट दिला आणि मग बाकीचे त्या वाटेने गेले. ट्रॅक्टरांमध्ये डायनॅमो त्यानंतरही बरीच वर्षं टिकला.

तर डबीची तिन्ही कामं संपली. ती निवृत्त.

आधी बॅटरीची दिशा बघा

वायरींना हात लावण्याआधी बॅटरीपाशी जा. ट्रॅक्टरच्या बॉडीला कोणतं टोक गेलंय, प्लस की मायनस? आपण मायनस गृहीत धरतो, आणि जुन्या ट्रॅक्टरांत नेमकं तिथेच फसतो. १९४७ ते १९५२ मध्ये बनलेला फोर्ड ८-एन घ्या: ६ व्होल्टची बॅटरी आणि प्लस बॉडीला. फर्ग्युसन टीई-२० मध्येही प्लस बॉडीलाच. त्या काळच्या अनेक ट्रॅक्टरांत हीच पद्धत होती.

आज मिळणारा जवळजवळ प्रत्येक अल्टरनेटर मायनस बॉडीला धरून बनलेला असतो. तो उलट्या दिशेच्या ट्रॅक्टरवर लावला तर सहाही डायोड बॅटरीला सरळ मोकळी वाट देतात. म्हणजे शॉर्टच. डायोड फुटायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागतो.

दिशा बदलणं अवघड नाही, फक्त कोणाला फरक पडतो आणि कोणाला नाही हे माहीत हवं. बल्बला फरक पडत नाही. हॉर्नला सहसा पडत नाही. सेल्फ उलटा फिरेल अशी भीती अनेकांना वाटते, पण जुन्या सेल्फमध्ये फील्ड आणि आर्मेचर दोन्ही वेटोळी एकाच रांगेत असतात. दिशा बदलली की दोन्हींची चुंबकं एकदमच उलटतात आणि फिरण्याची दिशा तीच राहते. अँपिअर मीटर मात्र उलटं दाखवेल, त्याच्या मागच्या दोन वायरी आपसात बदलायच्या. पेट्रोल इंजिन असेल तर इग्निशन कॉइलच्या दोन बारीक वायरीही बदलायच्या, म्हणजे कॉइलचं मायनस टोक डिस्ट्रिब्युटरकडे येईल. हे केलं नाही तरी इंजिन चालतं, पण स्पार्क कमजोर राहतो. आणि बॅटरीचे क्लॅम्प: प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो, त्यामुळे जुने क्लॅम्प अदलाबदल करून नीट बसत नाहीत. ठोकून बसवू नका, नवे घ्या.

६ व्होल्टवरून १२ वर जात असाल तर सगळे बल्ब, हॉर्न आणि इग्निशन कॉइल बदला किंवा कॉइलला योग्य रेझिस्टन्स लावा. इंधनाचा काटा वगैरे विजेवरचे मीटर असतील तर त्यांचं व्होल्टेजही उतरवावं लागतं. जुना ६ व्होल्टचा सेल्फ १२ वर चालतो, जोरात फिरतो. मात्र एकेका वेळी थोडकाच मारायचा.

अल्टरनेटर किती मोठा?

इथे माझं मत स्पष्ट आहे: गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. दोन हेडलाइट ४५ वॉटचे, मागे कामाचा ५५ वॉटचा एक दिवा, टेललाइट आणि मीटरचे बल्ब मिळून १५-२० वॉट. सगळे मिळून साधारण १६५ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला १४ अँपिअरच्या आसपास. पेट्रोल इंजिनाच्या कॉइलचे तीन-चार धरा. १८ झाले. त्या काळच्या अनेक डायनॅमोंची पूर्ण क्षमताच ११ किंवा २२ अँपिअर असायची, तीही इंजिन चांगलं पळत असताना. आयडलिंगला शून्य. ३५ ते ४५ अँपिअरचा अल्टरनेटर या सगळ्याला पुरून उरतो.

मोठ्याचा तोटा पट्ट्यात आणि वायरीत दिसतो. ४० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे ५६० वॉट, आणि अल्टरनेटर आत घेतलेल्या ताकदीतला निम्म्याच्या आसपास भागच वीज म्हणून बाहेर देतो. म्हणजे पूर्ण भाराला तो एका जुन्या पट्ट्यावरून सव्वा-दीड हॉर्सपॉवर खेचतो. १०० अँपिअरचा लावला तर उतरलेल्या बॅटरीवर पट्टा किंचाळतो आणि घसरतो.

आणखी एक: रेग्युलेटर आतच असलेला अल्टरनेटर घ्या. बाहेरचा वेगळा रेग्युलेटर लागणारे जुने प्रकारही मिळतात. ते वाईट नाहीत, पण काढलेल्या डबीच्या जागी तुम्ही दुसरी डबी आणून बसवता.

जाड वायर

अल्टरनेटरच्या मागे एक जाड बोल्ट किंवा रुंद पत्ती असते, बहुतेकांवर बी प्लस अशी खूण. वीज इथून बाहेर पडते. ही वायर थेट सेल्फच्या त्या बोल्टवर न्यायची, जिथे बॅटरीची जाड केबल येते. म्हणजे बॅटरीवरच नेल्यासारखं झालं, आणि अंतर कमी पडतं.

जुन्या डायनॅमोची जाड वायर तशीच वापरायचा मोह होतो, कारण ती आधीच तिथे असते. तिचा हिशेब करून पाहा. दोन मीटर लांबीची अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची वायर आणि त्यातून ३५ अँपिअर: वाटेतच जवळजवळ अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. अल्टरनेटर १४.२ देतोय, बॅटरीला मिळतात १३.७. दिवे लागतात, मीटर हलतो, सगळं ठीक वाटतं, पण बॅटरी कधीच काठोकाठ भरत नाही आणि सहा महिन्यांत सल्फेट धरते, म्हणजे आतल्या प्लेटांवर थर चढून निकामी होत जाते. तीच वायर ६ स्क्वेअर एमएमची घेतली तर तूट ०.२ व्होल्ट, १० ची घेतली तर ०.१२. मी ३६ अँपिअरपर्यंत ६ आणि त्यापुढे १० वापरतो. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची पत्ती, पक्कडीने चिमटून भागवू नका, क्रिंपिंग टूलने दाबा आणि वरून हीट श्रिंक चढवा. ट्रॅक्टर थरथरतो. सैल लग तिथेच तापतो.

या वायरीत फ्यूज हवा, आणि तो अल्टरनेटरच्या टोकाला लावून उपयोग नाही, बॅटरीकडच्या टोकाला हवा. कारण वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर तिला जाळणारी खरी ताकद बॅटरीत असते. ३६ अँपिअरच्या अल्टरनेटरला ५० चा फ्यूज, ४५ च्याला ६० चा.

आता अँपिअर मीटर. जुन्या बोर्डवर २०-०-२० किंवा ३०-०-३० असा काटा असतो आणि डायनॅमोचा सगळा करंट त्याच्या पोटातून जायचा. अल्टरनेटर उतरलेल्या बॅटरीत ३५ अँपिअर ढकलू लागला की काटा टोकाला चिकटतो आणि मीटरचे आतले जोड तापतात. वर सांगितल्याप्रमाणे जाड वायर थेट सेल्फवर नेली तर चार्जिंगचा करंट मीटरला वळसा घालून जातो, मीटर सुरक्षित राहतो. पण मग तो फक्त दिव्यांचा खर्च दाखवतो, म्हणजे काटा कायम उतरतीकडे, आणि बघणाऱ्याला वाटतं चार्जिंग बंद आहे. मी अशा वेळी मीटर शोभेला ठेवून बोर्डाखाली एक छोटा व्होल्टमीटर लावतो. इंजिन बंद असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, चालू असताना १४ च्या आसपास म्हणजे अल्टरनेटर काम करतोय. अँपिअर मीटर चालताच हवा असेल तर ६०-०-६० चा आणा, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही वायरी तितक्याच जाड करा.

काही अल्टरनेटरांना एस खुणेची एक सेन्सिंगची पत्ती असते. रेग्युलेटर त्या वायरीतून बॅटरीवरचं खरं व्होल्टेज वाचतो. ती बॅटरीच्या प्लसकडेच न्यायची. अल्टरनेटरच्या पाठीवरच बी प्लसला बांधली तरी चालतं, पण मग वाटेतली तूट त्याला कळत नाही.

बारीक वायर आणि बोर्डवरचा दिवा

चार्जिंगचा लाल दिवा फक्त सूचना देतो असं अनेकांना वाटतं. तो काढून टाकतात, किंवा फुटलेला तसाच ठेवतात, आणि मग अल्टरनेटर चार्ज करत नाही म्हणून त्यालाच दोष देतात.

डायनॅमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, त्यावर तो स्वतःच जागा होतो. अल्टरनेटरच्या रोटरमध्ये शिल्लक राहतं ते फार क्षीण. त्यातून तयार होणारं व्होल्टेज डायोडचं दारही ढकलू शकत नाही, कारण सिलिकॉन डायोड उघडायलाच सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. म्हणून सुरुवातीला बाहेरून थोडा करंट देऊन रोटरला जागं करावं लागतं, आणि तो करंट त्या लाल दिव्यातून जातो.

वाट अशी: बॅटरी, किल्लीचा स्विच, दिवा, बारीक वायर, अल्टरनेटरची दिव्याची पत्ती (डी प्लस, एल, आयएनडी किंवा १ अशी खूण), तिथून रेग्युलेटर आणि रोटरमधून बॉडी. किल्ली फिरवली की दिवा लागतो, कारण त्याच्या एका टोकाला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ शून्य. इंजिन सुरू झालं, अल्टरनेटर जागा झाला, की त्या पत्तीवरही बॅटरीइतकंच व्होल्टेज चढतं. दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, वाहायला काही उरलं नाही, दिवा विझतो. एकच दिवा अल्टरनेटरला उठवतो आणि तो उठला हेही सांगतो.

बल्ब २.२ वॉटच्या आसपासचा लागतो, त्यातून ०.१८ अँपिअर मिळतात. एलईडी लावली तर तिच्यातून इतका थोडा करंट जातो की अल्टरनेटर झोपलेलाच राहतो. एलईडीच हवी असेल तर तिला समांतर ६८ ओमचा, ५ वॉटचा रेझिस्टन्स लावा. बल्बइतकाच करंट त्यातून जातो.

पेट्रोल ट्रॅक्टरवर इथे एक चमत्कारिक गोष्ट घडू शकते: किल्ली बंद केली तरी इंजिन चालूच राहतं. अल्टरनेटर फिरतोय, त्याच्या बारीक पत्तीवर १४ व्होल्ट आहेत, आणि ते दिव्यातून उलटे जाऊन इग्निशन कॉइलला पुरतात. बारीक वायरीत एक डायोड टाकला की हे थांबतं. त्याची पट्टी असलेली बाजू अल्टरनेटरकडे. करंट बोर्डकडून अल्टरनेटरकडे जाईल, परत येणार नाही. ओढायच्या दांडीने बंद होणाऱ्या डिझेल इंजिनाला हा त्रास नसतो.

एका वायरीवर चालणारे अल्टरनेटरही विकतात, त्यांना दिव्याची वायर लागत नाही. ट्रॅक्टरसाठी मला ते पटत नाहीत. ठरावीक वेगापुढे गेल्यावरच ते जागे होतात, आणि ट्रॅक्टर तर कित्येकदा सुरू करून मंद वेगावरच उभा असतो. शिवाय चार्जिंग बंद पडलं तर सांगणारा दिवाच नाही.

डबीच्या वायरी सोडवताना

दोन गुंडाळ्यांच्या नेहमीच्या डबीवर पाच स्क्रू असतात: ए, ए-१, डी, एफ आणि ई. सोडवण्याआधी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून अक्षर लिहा. रंगांवर विसंबू नका. इतक्या वर्षांत पिवळा आणि तपकिरी एकसारखेच मातकट झालेले असतात, आणि मध्ये कोणीतरी हाताला लागेल ती वायर जोडलेली असते.

ए वर बॅटरीकडून, मीटरमार्गे येणारी वायर आहे. ए-१ वरून दिवे आणि स्विच यांना वीज जाते. या दोघी डबीच्या आत जोडलेल्या होत्या. डबी निघाली की त्यांचा जोड तुटतो, म्हणून त्या एकत्र बांधायच्या आणि जोडावर चांगलं इन्सुलेशन चढवायचं. हे विसरलं की अल्टरनेटर उत्तम चालतो आणि बोर्डवर काहीच लागत नाही.

डी वर दोन वायरी सापडतील: डायनॅमोकडून आलेली जाड आणि लाल दिव्याकडून आलेली बारीक. जाड वायरीचं काम संपलं, दोन्ही टोकांनी सोडवून काढून टाका. बारीक वायर ठेवा. एफ ची बारीक वायर डायनॅमोच्या फील्डला जात होती. तेही काम संपलं, पण ती वायर आयतीच अल्टरनेटरच्या जागेपर्यंत पोचलेली आहे. म्हणून दिव्याची बारीक वायर आणि एफ ची वायर इथे एकमेकींना जोडा, आणि एफ चं दुसरं टोक अल्टरनेटरच्या दिव्याच्या पत्तीवर लावा. नवी वायर ओढायची गरज पडत नाही. ई म्हणजे डबीचं अर्थिंग, ते गेलं. तीन गुंडाळ्यांच्या डबीवर अक्षरं वेगळी असतात, दिव्याला स्वतंत्र स्क्रू असतो, पण हिशेब तोच: बॅटरी, भार, दिवा, फील्ड. डायनॅमोच्या टोकाला लावलेला छोटा कंडेन्सर असेल तर तोही काढा.

बॉडीचा परतीचा रस्ता

एका ट्रॅक्टरवर मी सगळं नीट जोडलं होतं, तरी दिवे लावून काम केल्यावर बॅटरी मऊ पडायची. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून मोजलं. अल्टरनेटरच्या बी प्लसपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.३ व्होल्ट. बॅटरीच्या दोन खांबांवर १३.१. म्हणजे १.२ व्होल्ट कुठेतरी गळत होते. मीटरची एक पिन बी प्लसवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर: ०.१. जाड वायर निर्दोष. मग एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर: १.१. सापडलं. नवा ब्रॅकेट मी दोन हात रंग मारून बसवला होता, आणि परतीचा सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा वाट काढत होता. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत धातू काढला, अल्टरनेटरच्या बॉडीपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत ६ स्क्वेअर एमएमची एक वेगळी वायर टाकली. आकडा ०.०५ वर आला.

तेव्हापासून अर्थिंगची वेगळी वायर मी प्रत्येक वेळी टाकतोच. जाड वायरीवर ०.२ आणि बॉडीवर ०.२ यापेक्षा जास्त तूट दिसली तर जोड उघडून बघा.

पुली आणि पट्टा

पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही कडांवर बसायला हवा. तळाला टेकला की घसरणार. सगळ्या पुली एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. वेगाचा हिशेब असा: क्रँकची पुली १५० मिलिमीटर, अल्टरनेटरची ६०, म्हणजे अडीच पट. ६५० आरपीएमच्या आयडलिंगला अल्टरनेटर १,६२५ वर फिरेल आणि बहुतेक अल्टरनेटर तिथे चार्जिंग सुरू करतात. डायनॅमोची मोठी पुली त्यावर चढवली तर हा फायदाच जातो. अल्टरनेटरच्या पंख्याची पाती तिरकी असतील तर दिशा तपासा, वीज दोन्ही दिशांना तयार होते पण हवा नाही खेचली जात. आणि डायनॅमोच्या मागच्या टोकाला आरपीएम मीटरची केबल जोडलेली असेल, जशी काही ट्रॅक्टरांत असते, तर तिची सोय काय करायची ते डायनॅमो काढण्याआधी ठरवा.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना

सगळे स्विच बंद. प्लस क्लॅम्प बसवा. मायनस लगेच बसवू नका. २१ वॉटचा एक बल्ब घ्या, त्याची एक वायर बॅटरीच्या मायनस खांबाला आणि दुसरी मायनस केबलच्या क्लॅम्पला धरा. बल्ब विझलेलाच राहिला तर ठीक. लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा बॅटरी उलटी आहे. हा बल्ब नसता तर तेवढ्यात डायोड गेले असते. बल्बमधून दोन अँपिअरही जात नाहीत, त्यामुळे डायोड वाचतात आणि चूक शोधायला निवांत वेळ मिळतो. घड्याळ असलेला ट्रॅक्टर असेल तर बल्ब अगदी मंद लालसर दिसू शकतो, तेवढं चालतं.

मग मायनस बसवा, किल्ली फिरवा. लाल दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर इंजिन सुरू करू नका, आधी बल्ब आणि बारीक वायर तपासा. इंजिन सुरू केल्यावर थोडी रेस द्यावी लागली तरी हरकत नाही. दिवा पूर्ण विझायला हवा. मंद जळत राहिला तर एखादा डायोड गेलेला असू शकतो, किंवा किल्लीच्या स्विचमध्ये तूट आहे. बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसलं की चार्जिंग बरोबर. दिवे लावल्यावर १३.५ च्या खाली उतरू नये, पूर्ण रेसला १४.८ च्या वर चढू नये.

डायनॅमोच्या काळातली एक सवय मात्र आता सोडावी लागेल. इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून चार्जिंग आहे का ते बघायचे. अल्टरनेटरवर असं केलं तर त्याचा करंट अचानक बेवारस होतो, व्होल्टेज क्षणात कित्येक पट उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर दोन्ही जातात. बी प्लसची वायर बॉडीला टेकवून ठिणगी बघणंही तसंच. ट्रॅक्टरवर किंवा मागे जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीचे दोन्ही क्लॅम्प काढा आणि अल्टरनेटरचा प्लगही ओढून ठेवा.

नवा पट्टा पहिल्या काही तासांत ताणतो. आठ-दहा तास काम झालं की इंजिन बंद करून तो अंगठ्याने दाबून बघा: सर्वात लांब भागावर साधारण एक सेंटीमीटर दबला पाहिजे. त्याच वेळी जाड वायरीचे दोन्ही लग, फ्यूजचे जोड आणि अर्थिंगचा बोल्ट यांना एकेक करून हात लावा. आजूबाजूच्या लोखंडापेक्षा जो जास्त गरम लागेल, तो उघडा, घासा आणि पुन्हा आवळा.